कायद्याचे विद्यार्थी आणि विधी सहाय्य : एका शिक्षणपद्धतीचा इतिहास

कायद्याच्या विद्यार्थ्याने पदवी मिळण्याआधीच गरीब पक्षकाराचे प्रश्न समजून घ्यावेत, तुरुंग, वस्ती आणि तालुका न्यायालय पाहावे, त्यासाठी ठरावीक आठवडे एखाद्या संस्थेत किंवा वकिलाकडे काम करावे, अशी अपेक्षा भारतात आज केली जाते. प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र असणे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने इंटर्नशिप करणे बंधनकारक आहे. ही पद्धत वकिली व्यवसायाच्या मागणीतून आलेली नाही. गरिबाला मोफत वकील मिळावा म्हणून जी चळवळ विसाव्या शतकात उभी राहिली, तिला मनुष्यबळ हवे होते आणि त्यासाठी तिने महाविद्यालयांकडे पाहिले. या शिक्षणपद्धतीचे बळ आणि तिच्या मर्यादा दोन्ही या उगमाशी जोडलेल्या आहेत.

वकिलीची उमेदवारी

मुंबईतील सरकारी विधी महाविद्यालय 1855 मध्ये सुरू झाले. सर थॉमस अर्स्किन पेरी या मुख्य न्यायाधीशांच्या सन्मानार्थ स्थापन केलेले न्यायशास्त्राचे अध्यासन हा त्याचा पाया होता. विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी आले. तिथला अभ्यास व्याख्यानांचा आणि परीक्षेचा होता आणि शिकवणारे बहुधा प्रॅक्टिस करणारे वकीलच असत. पदवीखेरीज वकिलीच्या परीक्षा वेगळ्या होत्या. जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या प्लीडरची परीक्षा देण्यासाठी खाजगी वर्ग चालत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लोकमान्य टिळकांनी पुण्यात असा वर्ग चालवला होता.

प्रत्यक्ष काम मात्र वर्गाबाहेर शिकायचे असे. मुंबईत सॉलिसिटर होऊ इच्छिणारा तरुण एखाद्या सॉलिसिटरच्या पेढीत करारबद्ध उमेदवारी करी. मोफसलात नवा वकील ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत बसे, दावे नकलून काढी, तारखा घेई आणि हळूहळू पक्षकारांशी बोलायला शिके. मोफसलातील ही उमेदवारी सनद मिळाल्यानंतरची होती. शिवाय ज्येष्ठाच्या कचेरीत येणारा पक्षकार फी देऊ शकणारा असे. ज्याच्याकडे फी नाही, तो या शिक्षणाच्या वाटेत येतच नव्हता.

गरीब पक्षकारासाठी कायद्यात सोय होती, पण ती अपुरी होती. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 33 नुसार निर्धन माणसाला कोर्ट फी न भरता दावा लावता येई. फी माफ होई, वकील मात्र मिळत नसे. न्यायालयाने अशा दावेदाराला वकील द्यावा, ही तरतूद 1976 च्या दुरुस्तीने आली. फौजदारी बाजूला आरोपीला वकील करण्याचा हक्क होता, पण वकिलाचा खर्च कोणी करायचा याबद्दल कायदा बहुतेक गुन्ह्यांत गप्प होता. सत्र न्यायालयातील खटल्यात सरकारी खर्चाने वकील देण्याची सर्वसाधारण तरतूद 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 304 मध्ये झाली.

मुंबईतील सुरुवात

ही पोकळी आधी समाजसेवकांना जाणवली. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा, वाचनालये आणि सहकारी पतपेढ्यांबरोबर गरीब व निरक्षर लोकांना कायदेशीर सल्ला देण्याचे आणि पोलीस कोर्टात मदत करण्याचे काम हाती घेतले. 1920 च्या दशकात मुंबईत बॉम्बे लीगल एड सोसायटी उभी राहिली. देशातील विधी सहाय्याच्या इतिहासात तिचा उल्लेख सर्वांत जुन्या संस्थांमध्ये होतो. ही दोन्ही कामे स्वयंसेवक आणि वकील करीत होते. विद्यार्थ्यांचा त्यांच्याशी शिक्षण म्हणून संबंध आलेला नव्हता.

पुढच्या दशकात मुंबईत दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. 1935 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि 1938 पर्यंत त्या पदावर राहिले. मुंबई इलाख्यातील विधी शिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी महाविद्यालयाच्या नियतकालिकात 1936 मध्ये लेख लिहिला. त्याच वर्षी नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी आधीच तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस चालवले होते आणि ते या नव्या शाळेचे पहिले संचालक झाले. पुढे हीच संस्था टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य अभ्यासक्रमाचाच भाग होते. विद्यार्थी वस्तीत जाई, नोंदी ठेवी आणि पर्यवेक्षक त्या नोंदींवर त्याच्याशी चर्चा करी. विधी शिक्षणात अशी रचना यायला आणखी साडेतीन दशके लागली.

समित्यांचा काळ

स्वातंत्र्यानंतर विधी सहाय्याचा विचार सरकारी समित्यांकडे गेला. मुंबई सरकारने 1949 मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पश्चिम बंगालमध्ये सर आर्थर ट्रेव्हर हॅरिस यांच्या समितीने असेच काम केले. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालात विधी सहाय्याचा पुरस्कार केला आणि त्याच अहवालात विधी शिक्षणाच्या घसरलेल्या दर्जावर कडक टीकाही केली. दोन्ही प्रश्न एका अहवालात आले, तरी त्यांची सांगड अजून घातली गेली नव्हती.

1961 च्या अधिवक्ता कायद्याने वकिली एकाच वर्गाची केली आणि विधी शिक्षणाचे मानदंड ठरवण्याचे काम बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे सोपवले. याच कायद्याने विद्यार्थ्याची एक मर्यादाही पक्की केली. वकिलीचा हक्क केवळ नोंदणीकृत अधिवक्त्याला आहे. कलम 32 नुसार न्यायालय एखाद्या प्रकरणापुरती इतर कोणाला परवानगी देऊ शकते, पण तो अपवाद झाला. अमेरिकेतील राज्यांनी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना न्यायालयात उभे राहू देणारे नियम केले, तसे नियम भारतात झाले नाहीत.

अमेरिकेचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. डॉक्टर जसा रुग्णालयात घडतो तसा वकील प्रत्यक्ष पक्षकारासमोर घडावा, हा विचार जेरोम फ्रँक यांनी 1933 मध्ये मांडला होता. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर तिथल्या विद्यापीठांत ‘लीगल क्लिनिक’ पसरले आणि गरीब वस्त्यांतील दावे हेच त्यांचे मुख्य काम झाले. भारतीय विधी शिक्षकांना हे प्रयोग माहीत होते. दिल्ली विद्यापीठाच्या विधी शिक्षणाची पुनर्रचना करण्यासाठी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या समितीने 1964 मध्ये अहवाल दिला होता. त्याच विद्यापीठात 1970 च्या सुमारास प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी विधी सेवा केंद्र सुरू केले. बनारस हिंदू विद्यापीठाने 1970 च्या दशकाच्या आरंभी मोजक्या विद्यार्थ्यांसाठी असा विषय अभ्यासक्रमातच आणला. न्यायालयाच्या भेटी, वकिलाच्या कचेरीतील काम आणि विधी सहाय्य केंद्र असे त्याचे स्वरूप होते. अलिगढमध्येही याच काळात विद्यार्थ्यांचे केंद्र काम करू लागले.

सांगड घातली ती दोन न्यायाधीशांच्या अहवालांनी. न्यायमूर्ती पी. एन. भगवती हे 1949 च्या मुंबई समितीच्या अध्यक्षांचे चिरंजीव आणि सरकारी विधी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. गुजरात सरकारने नेमलेल्या त्यांच्या समितीचा अहवाल 1971 मध्ये आला. केंद्र सरकारच्या समितीचा अहवाल न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली 1973 मध्ये तयार झाला. 1977 मध्ये या दोघांनी मिळून तिसरा अहवाल दिला. त्यांचा मुद्दा व्यावहारिक होता. विधी सहाय्य म्हणजे केवळ दावा चालवण्यासाठी वकील देणे नव्हे. सल्ला, अर्ज, तडजोड, हक्कांची माहिती आणि सर्वेक्षण हाही त्याचा भाग आहे. या कामाला सनद लागत नाही, माणसे मात्र पुष्कळ लागतात. ती माणसे विधी महाविद्यालयांत होती. महाविद्यालयांतील केंद्रांमुळे गरिबाला मदत मिळेल आणि विद्यार्थ्याचे शिक्षण सुधारेल, असा दुहेरी लाभ या अहवालांनी मांडला. दरम्यान बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 39अ घालून मोफत विधी सहाय्य हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व केले. 1980 मध्ये भगवतींच्या अध्यक्षतेखाली विधी सहाय्य योजनांच्या अंमलबजावणीसाठी केंद्रीय समिती नेमली गेली.

तुरुंग, पत्रे आणि शिबिरे

1979 नंतरच्या काही वर्षांत विधी शिक्षक वर्गाबाहेरच्या प्रश्नांवर उघडपणे बोलू लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरवले. त्यावर दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी सप्टेंबर 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राने उभ्या राहिलेल्या आंदोलनातून 1983 ची फौजदारी कायद्यातील दुरुस्ती झाली. 1979 मध्येच हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची स्थिती पुढे आली आणि मोफत विधी सहाय्य हा अनुच्छेद 21 चा भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले.

तुरुंगातील विधी सहाय्याच्या दृष्टीने महाराष्ट्रातील शीला बारसे प्रकरण बोलके आहे. मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या छळाबद्दल या पत्रकार महिलेने लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतले. तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांशी बोलण्याचे आणि अहवाल देण्याचे काम न्यायालयाने निर्मला निकेतन या मुंबईतील समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांवर सोपवले. कैद्यांशी बोलून माहिती काढण्याची आणि नोंदवण्याची सवय समाजकार्याच्या शिक्षणात होती. विधी महाविद्यालयांकडे ती तोवर नव्हती. फेब्रुवारी 1983 च्या निकालात न्यायालयाने कच्च्या कैद्यांच्या याद्या जिल्हा विधी सहाय्य समित्यांकडे पाठवाव्यात आणि निवडक वकिलांनी पंधरवड्यातून एकदा तरी तुरुंगाला भेट द्यावी, असे आदेश दिले. पुढे तुरुंगात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही अशाच याद्यांपासून सुरुवात करता येई.

याच काळात शिबिर हा विधी सहाय्याचा ठळक प्रकार झाला. मार्च 1982 मध्ये जुनागढ जिल्ह्यातील उना येथे लोकअदालत भरली आणि ही कल्पना देशभर गेली. महाविद्यालयांना शिबिर सोयीचे होते. एका दिवसात ते पार पडे, त्याला सनद लागत नसे आणि खर्चही थोडा येई. गावात जाऊन पोटगी, सातबारावरील नोंदी, किमान वेतन, हुंडाबंदी यांची माहिती द्यायची, अर्ज लिहून घ्यायचे आणि परत यायचे, असा क्रम ठरून गेला. लिहिलेल्या अर्जाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी तोच विद्यार्थी पुन्हा त्या गावात जाईल, याची व्यवस्था मात्र क्वचितच होती. एका दिवसाचे शिबिर आणि सलग महिनाभराचे क्षेत्रकार्य यांतला फरक पुढच्या सगळ्या प्रयोगांत दिसतो.

कायद्याचा आधार

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 मध्ये संमत झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 रोजी अमलात आला. त्याच्या कलम 4 ने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणावर इतर कर्तव्यांबरोबर एक शैक्षणिक कर्तव्यही टाकले : बार कौन्सिलच्या सल्ल्याने प्रात्यक्षिक विधी शिक्षणाचे कार्यक्रम आखणे आणि विद्यापीठे व विधी महाविद्यालयांतील विधी सेवा केंद्रांना मार्गदर्शन करणे. कलम 12 ने लाभार्थी ठरवले : अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपद्ग्रस्त, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक. केंद्रावर बसलेल्या विद्यार्थ्याने आलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारायचा, हे या यादीने निश्चित केले.

1995 मध्येच महाराष्ट्रातील एका वादावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राज्य सरकार कला, विज्ञान, वाणिज्य, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शाखांच्या खाजगी महाविद्यालयांना अनुदान देत होते, विधी महाविद्यालयांना मात्र देत नव्हते. मनुभाई प्रागजी वशी यांच्या प्रकरणात न्यायालयाने अनुच्छेद 21 आणि 39अ एकत्र वाचले. गरिबाला विधी सहाय्य द्यायचे तर प्रशिक्षित वकील हवेत आणि ते घडवणाऱ्या महाविद्यालयांना अनुदान नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय होता. विधी शिक्षण आणि विधी सहाय्य यांचे जे नाते समित्यांनी सुचवले होते, त्याला येथे घटनात्मक आधार मिळाला.

अध्यापनाच्या बाजूने मोठा बदल बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने केला. 1988 मध्ये तिथे पहिली तुकडी दाखल झाली. संस्थापक संचालक एन. आर. माधव मेनन दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगांतून आलेले होते. पाच वर्षांच्या निवासी अभ्यासक्रमामुळे विद्यार्थ्याला सुट्ट्यांमध्ये सलग काही आठवडे बाहेर पाठवणे शक्य झाले. तीन वर्षांच्या, सकाळी किंवा संध्याकाळी भरणाऱ्या वर्गांत हा अवकाश नव्हता. तिथे बरेच विद्यार्थी दिवसा नोकरी करीत आणि कोर्टाची वेळ हीच त्यांच्या नोकरीची वेळ असे.

बार कौन्सिलने 1997 मध्ये परिपत्रक काढून चार प्रात्यक्षिक पेपर सर्व महाविद्यालयांना सक्तीचे केले. मूट कोर्ट व खटल्यांचे निरीक्षण, दस्तऐवज व दावे लिहिणे आणि व्यवसायनीती यांच्या जोडीला चौथा पेपर लोकहिताची वकिली, विधी सहाय्य आणि पॅरालीगल सेवा यांचा होता. विद्यार्थ्याने दोन खटले, एक दिवाणी आणि एक फौजदारी, न्यायालयात बसून पाहायचे, वकिलाच्या कचेरीत किंवा विधी सहाय्य कार्यालयात पक्षकाराची मुलाखत कशी घेतली जाते ते पाहायचे आणि सगळे डायरीत नोंदवायचे, ही आज सर्वत्र दिसणारी पद्धत येथून रुजली.

2008 च्या विधी शिक्षण नियमांनी ही रचना बदलली. सक्तीच्या चार प्रात्यक्षिक विषयांत पर्यायी वादनिवारण आले आणि विधी सहाय्याचा स्वतंत्र पेपर त्या चारांतून गेला. त्याच्या जागी दोन गोष्टी संस्थेच्या पातळीवर आल्या. पहिली, ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवायचे विधी सहाय्य केंद्र. दुसरी, इंटर्नशिप : तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. ती स्वयंसेवी संस्था, वकील, न्यायपालिका, नियामक संस्था, विधिमंडळ, स्थानिक स्वराज्य संस्था, कंपन्या किंवा वकिली पेढ्या यांपैकी कुठेही करता येते. खटल्याच्या आणि अपिलाच्या स्तरावरील वकिलांकडे एकदा तरी काम करणे आवश्यक आहे, सामाजिक संस्थेत मात्र नाही. सामाजिक न्यायाचे काम त्यामुळे अनेक पर्यायांपैकी एक पर्याय ठरले.

राष्ट्रीय प्राधिकरणाने 2011 मध्ये विधी सहाय्य केंद्रांसाठी विनियम केले. विधी महाविद्यालयाने एखादे गाव, विशेषतः दूरचे गाव, दत्तक घ्यावे, विद्यार्थ्यांनी तिथे सर्वेक्षण करून लोकांचे कायदेशीर प्रश्न नोंदवावेत आणि शिबिरे घ्यावीत, असे त्यांत म्हटले आहे. विद्यार्थ्याला सनद मिळेपर्यंत विधी स्वयंसेवक म्हणूनही काम करता येते. तालुका विधी सेवा समितीपासून राज्य प्राधिकरणापर्यंतची यंत्रणा यामुळे त्याला थेट उपलब्ध झाली.

कामाचे स्वरूप आणि मर्यादा

या रचनेतून होणारे काम प्रामुख्याने कागदाचे आणि चौकशीचे असते. तुरुंगात कच्च्या कैद्याशी बोलून त्याच्यावरील कलमे, अटकेची तारीख, जामिनाचा अर्ज झाला की नाही आणि जामीन मिळूनही रकमेअभावी तो आत आहे का, हे विद्यार्थी नोंदवतो. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेलेल्या कैद्याला सोडण्याची तरतूद 2005 च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 436अ मध्ये आली आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्यासाठी ही मर्यादा एक तृतीयांश झाली. हा काळ मोजणे आणि पात्र कैद्यांची यादी करणे हे विद्यार्थ्याला जमणारे आणि तत्काळ उपयोगी पडणारे काम आहे. केंद्रावर येणाऱ्या स्त्रीसाठी पोटगीच्या अर्जाची माहिती जमवणे, रेशन कार्ड किंवा जातीच्या दाखल्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील ते सांगणे, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणे ही कामेही त्याच जातीची. अर्जावर सही आणि न्यायालयात उभे राहणे मात्र वकिलाचे.

सलग काम झाले तिथे मोठे निष्कर्षही निघाले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या फाशीच्या शिक्षेवरील अहवालासाठी देशातील 385 पैकी 373 कैद्यांच्या कहाण्या नोंदवल्या गेल्या. विद्यार्थी तुरुंगांत गेले आणि कैद्यांच्या कुटुंबांना भेटले. या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचे त्यातून दिसले. हा प्रकल्प पुढे अनुच्छेद 39अ चे नाव घेऊनच चालला आणि त्याच्या वकील व समाजकार्यकर्त्यांनी येरवडा आणि नागपूर मध्यवर्ती कारागृहांतील कच्च्या कैद्यांसाठी काम केले. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून तुरुंग आणि कोठडीतील लोकांसोबत काम करीत आला आहे. या कामांत कायदा आणि समाजकार्य, 1936 पासून वेगळ्या वाटांनी चाललेल्या दोन विद्या, एकाच कैद्याच्या फाइलवर भेटतात.

बहुसंख्य महाविद्यालयांतील केंद्रे या पातळीवर पोहोचली नाहीत. नियमांनी केंद्राची जबाबदारी अध्यापकावर टाकली, पण त्यासाठी त्याचे तास कमी करण्याची हमी दिली नाही. पूर्णवेळ विधी अध्यापक सहसा वकिली करीत नाही. त्यामुळे केंद्रावर आलेले प्रकरण न्यायालयात न्यायचे असेल, तर ते बाहेरच्या वकिलाकडे सोपवावे लागते. विद्यार्थी दर वर्षी बदलतात, दावे मात्र वर्षानुवर्षे चालतात. अशा स्थितीत केंद्राची नोंदवही, तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी नियमित संपर्क आणि एक कायम अध्यापक या तीन गोष्टी जिथे आहेत तिथेच काम टिकते. जिथे त्या नाहीत, तिथे विधी सेवा दिनाचे शिबिर आणि इंटर्नशिपचे प्रमाणपत्र एवढेच उरते.

2014 च्या कायद्याने महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची तरतूद झाली. राज्यातील बहुतेक वकील मात्र आजही विद्यापीठांना संलग्न असलेल्या जुन्या महाविद्यालयांतून, तीन किंवा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांतून येतात. जिल्हा आणि तालुका न्यायालयांजवळ असलेल्या या महाविद्यालयांना राष्ट्रीय विद्यापीठांकडे नसलेला एक लाभ आहे. त्यांचे विद्यार्थी त्याच तालुक्यांतले असतात, पक्षकाराची बोली त्यांना येते आणि विधी सेवा समितीचे कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर असते. 1970 च्या दशकातील समित्यांनी ज्या महाविद्यालयांवर भिस्त ठेवली होती, ती हीच. त्यांना अध्यापकांचा वेळ आणि पर्यवेक्षणाची व्यवस्था देणे हे त्या अहवालांतील कार्यक्रमाचे अपुरे राहिलेले काम आहे.